उजवा हात खाडीचा

बसा. आणि दात काढू नका. तुमची टीव्हीवरची भुतं पावडर लावून येतात. हे घडलं आमच्या विश्राम जमादाराला, एकोणनव्वद साली, पौषातल्या अवसेला. इथंच, डोंबिवलीत.

विश्राम घाटावरचा गडी, पोलिसात खुनाचा तपास करायचा. डोकं होतं, हातही तेवढाच जड. एकाला बडवून खून कबूल करायला लावलेला. त्यानं कोठडीतच फास घेतला, आणि महिन्याभरात खरा खुनी सापडला. तेव्हापासून बाटली.

त्या आठवड्यात खाडीत शेवंती कोळणीचं प्रेत मिळालेलं. गळा दाबलेला. अंगावर ओरखडा नाही, एक बांगडी फुटलेली नाही. म्हणजे ओळखीचाच माणूस, म्हणजे नवराच! पोलिसांची अक्कल ती. नवऱ्याला, दामाजीला, ठोकून ठोकून 'होय' म्हणवलं. सकाळी ठाण्याला कोर्टात उभा करायचा.

साक्षीदार एकच, हरिहर. बँकेतला साहेब, खाडीकाठच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा. शेवंती त्याच्या दारी मासळी द्यायची. बायको माहेरी गेली की ह्याला मासळी जरा जास्तच लागायची. "नवराच तिला ओढत नेत होता," म्हणाला, आणि सगळ्यांना पटलं. इस्त्रीचा शर्ट ना!

रात्री साडेदहाच्या सुमाराला विश्राम त्याच्याकडं निघाला. उद्या कोर्टात या, एवढा निरोप द्यायचा. लाइट गेलेली, हातात बॅटरी. जिना चढताना बूट भिजले. वाटलं, टाकी फुटली.

वरच्या पायरीवर बाई उभी. लुगडं निथळत होतं. दोन्ही हात पुढं, दोन्हींत हिरव्या बांगड्या.

"जमादार, यो उजवा हात मोकला कर."

"कोण गं तू? पिऊन आलीस काय?" विचारणारा स्वतः झुलतोय!

"लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या खाडीला दिल्या. माज्या दादल्याला सांभाल म्हनून. ह्या घरातल्या मुडद्यानं मना मारलं. झटापटीत डाव्या हाताच्या फुटल्या. मंग त्यानं नव्या भरल्या... दोनी हातांत. आता खाडी माज्या दादल्याला सांभालनार नाय..."

विश्रामची उतरली.

शवागारात त्यानं ते हात पाहिलेले. दोन्ही भरलेले. कोळणीचा उजवा हात मोकळा असतो, हे बाजारात रोज दिसतं. पण बघतो कोण? माशाचे डोळे बघतात. झटापट लपवायला हरिहरनं आपल्या बायकोचे हात आठवून दोन्हींत भरल्या, गाढवानं.

त्यानं तिचा हात धरला. गार... बर्फाच्या लादीसारखा.

एक काढली.

आणखी एक...

शेवटची.

बाई... नव्हती.

दार उघडं होतं. आत हरिहर खुर्चीवर उभा. मान वर, तोंड उघडं.

"उतरव... पाणी उतरव... मीच दाबला गळा... दामाजीला सोडा..."

फरशी ठणठणीत कोरडी.

सकाळी त्याच्या मोरीच्या जाळीतून हिरव्या काचा निघाल्या. दामाजी सुटला, साहेब गजाआड गेला. शिकलेले म्हणाले, त्याला त्याच्या मनानंच खाल्लं. खाल्लं असेल. पण मग त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, चारी भिंतींवर, खुर्चीवर उभ्या माणसाच्या गळ्याएवढ्या उंचीला चिखलाची रेघ आहे ती कसली? ओहोटीला धक्क्यावर दिसते ना, तशी. कितीदा रंग दिला.

जा, बोट लावून बघा.

ओली आहे...