पसंत न पडलेला पत्रा

घराच्या कर्त्या पुरुषाला नकार देण्याचा अधिकार असतो. परंतु नकारानंतर काय हवे, हे सांगण्याचे कर्तव्यही त्याच्याच माथी असते. अधिकार भोगला आणि कर्तव्य राहून गेले, तर ते ओझे मागच्यांनी किती काळ वाहावे? मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथांत मिळाले नाही.

पुढील हकीगत माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरची आहे. पाहिले आणि ऐकले तेवढेच लिहितो. विश्वास ठेवावा, असा आग्रह नाही. खोटे मात्र यात एक अक्षर नाही.

सन २००३. माघ महिना. दौंड तालुक्यातील खुटबाव.

आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

माझी धाकटी बहीण सोजराबाई. तिचे यजमान रखमाजी. त्यांच्या कौलारू घराचे वासे वाळवीने खाल्ले होते. थोरला भाचा सर्जेराव याने कौले उतरवली, लोखंडी सांगाडा उभा केला. आता फक्त वर पत्रा टाकायचा होता.

तो पत्रा ठरेना.

रखमाजी दौंडची दुकाने फिरले, शिरूरची फिरले. मडके वाजवून घ्यावे तसा प्रत्येक पत्रा ते बोटाच्या पेराने वाजवून पाहत. टक् टक्... थांबत... पुन्हा एकदा टक्. मग मान हलवीत.

"बद्द वाजतोय. न्हाई."

आणि नाकारलेला पत्रा स्वतःच्या हाताने उचलून, त्याचे तोंड भिंतीकडे करून उभा ठेवीत.

"आप्पा, पत्रा घ्यायचाय का तबला?" एका दुकानदाराने विचारलेच.

"तुझ्या घरावर तबला टाक. माझ्या घरावर पत्राच टाकीन," असे म्हणून हे बाहेर.

कसला पत्रा हवा, ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. सारे कुटुंब गोठ्यात ताडपत्रीखाली राहत होते. अशातच पौषात, झोपेतच, ते गेले.

दिवसकार्य उरकले. सर्जेरावाने साधा पन्हळी पत्रा आणला. कारेगावला कंपन्यांच्या शेडवर काम केलेला जालिंदर हा कारागीर बोलावला. संध्याकाळपर्यंत छप्पर चढले. हूक आवळले. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारे गोठ्यात जेवायला बसले होते.

घराकडून आवाज आला...

टक् टक्.

मग शांतता.

टक्.

सोजराबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. जेवण झाल्यावर सर्जेराव घरात गेला...

वर उघडे आभाळ होते.

सगळे पत्रे खाली होते. एकही वाकला नव्हता. भिंतीला ओळीने टेकवलेले... तोंडे भिंतीकडे.

धाकटा भाचा दत्ता म्हणाला, "मी सांगत हुतो, रंगीत पत्रा घ्या म्हनून."

रंगीत पत्रा आणला. चढवला.

दुपारी पुन्हा तेच.

त्यानंतर मला निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा दोघे भाऊ अंगणात भांडत होते.

"मामा, तुमीच सांगा! जित्तेपनी कुनाला ठरवू दिलं न्हाई. आता मेल्यावरबी न्हाई?" सर्जेराव अक्षरशः रडकुंडीला आला होता. "गाव हसतंय. म्हनत्यात, रखमाजी आप्पाच्या घराला आभाळच पसंत पडलंय."

खरी अडचण वेगळी होती. भाची अनुपमा गरोदर होती, सातवा लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. परंतु तिच्या सासूने स्पष्ट कळवले होते : घरावर छप्पर चढल्याशिवाय सून पाठवणार नाही. सोजराबाई त्या निरोपापासून धड जेवलीही नव्हती.

मी म्हणालो, "पत्रे पुन्हा चढवा. मी आत बसतो."

स्नान करून मी त्या रिकाम्या घरात आसन मांडले. स्तोत्रपाठ सुरू केला. जालिंदर दाराशी उभा होता. दुपार चढली. पत्रा तापून वरून आच येऊ लागली.

आणि माझ्या डोक्यावर...

टक् टक्.

माझा पाठ थांबला. जन्मभर मुखोद्गत असलेला पुढचा चरण आठवेना.

टक्.

जालिंदर दाराबाहेरच्या शिडीवरून वर डोकावला. "मामा, हितं कुनी न्हाई." मग त्याने पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "समदा पत्रा पोळतोय... आन् आवाज आला तेवढीच जागा गार हाय."

एक हूक आपोआप सैल होऊन माझ्यापुढे पडला.

मग दुसरा.

मला भय वाटले, हे खरे. त्याहून अधिक संताप आला. एवढी विद्या, आणि एका हट्टी जिवाची समजूत घालता येऊ नये!

तेवढ्यात सोजराबाई आली. माझ्याकडे न पाहता, जालिंदरला शिडीवरून खाली उतरवून, साठीची ती बाई शिडी चढली. त्या गार जागेवर तिने तळहात दाबला. यजमानांचे नाव तिने जन्मात घेतले नव्हते. तेव्हाही घेतले नाही.

"अवो... आता पुरं."

वरचा आवाज थांबला.

"लुगडं तुमी ठरवलं. जावई तुमी ठरवला. मी कवा काय म्हनले? पन माझी लेक पोटुशी हाय. तिचं लेकरू काय ताडपत्रीखाली जन्मायचं? ह्यो पत्रा मला पसंत हाय. मला! आता हात लावायचा न्हाई."

कितीतरी वेळ काहीच घडले नाही...

मग सैल झालेला पत्रा, कोणी वरून दाबावा तसा, सावकाश सांगाड्यावर बसला.

"आवळ रं हूक," ती जालिंदरला म्हणाली.

ते छप्पर पुन्हा उतरले नाही. अनुपमा माहेरी आली. चैत्रात तिला मुलगी झाली.

इथे मी लेखणी ठेवली असती. परंतु वैशाखात मी नात पाहायला गेलो, त्या दुपारी गारांचा वळीव आला. मी अंगणात होतो. गावभरचे पत्रे असे कडाडू लागले की शेजारच्याची हाक ऐकू येईना. तान्ह्या जिवाच्या काळजीने मी घरात धावलो.

उंबरठा ओलांडला...

आणि आवाज बंद झाला.

दारातून दिसत होते, वळचणीवरून गारा उडत होत्या. आत मात्र काही नाही. पाळण्यातल्या मुलीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. ती गाढ झोपली होती.

जणू गारा आणि पत्रा यांच्यामध्ये कोणी आडवे झाले होते.

सोजराबाई पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिने वर पाहिले. मग, घरात वडीलधारे माणूस आल्यावर घ्यावा तसा, हळूच डोक्यावर पदर घेतला.

त्या घरात गेलो की मी अजूनही छपराकडे पाहत नाही.

रखमाजींना सद्गती लाभो. त्यांना ती इतक्यात नको असेल, तर त्यांच्या पाठीला गारा हलक्या लागोत. आणि ते लेकरू सुखाने निजो.