बंद मजल्याचं बटण

मला माणसं भेटतात ती काचेच्या नळ्यांतून. रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेत रक्त येतं, चेहरे येत नाहीत. दुपारचा डबाही मी बाहेरच्या खोलीत, यंत्राची घरघर ऐकत एकटीच खाते.

म्हणून तो धापा टाकत दारात उभा राहिला, तेव्हा मी दचकलेच.

"रक्त पुन्हा द्यायला बोलावलंत... ताईला अस्थिमज्जा द्यायचीय. मी भाऊ."

त्याच्या सदऱ्यावर लिफ्ट कंपनीचा बिल्ला होता.

"लिफ्ट दुरुस्त करता आणि जिन्याने आलात?"

"आतून बघितलीय ना मी ती!" तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. "काही वाईट निघालं का?"

मी त्याला बसवलं. "आपलं कोण, परकं कोण, हे शरीर पेशींवरच्या खुणांवरून ओळखतं. त्या खुणा घडवणाऱ्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या एका जनुकाच्या तीन दिसल्या."

"बाप रे! आमचे बाबा इतके भानगडीचे नव्हते हो!"

किती दिवसांनी मी मोठ्याने हसले...

"चूक आमचीच. जवळच एक बंद पडलेलं जनुक असतं. दिसायला तसंच, काम मात्र काही नाही. आमची चाचणी त्यालाच खरं समजून बसली."

"जुन्या लिफ्टमध्ये बंद मजल्याचं बटण असतं, तसं? दाबलं तरी काही होत नाही."

"तसंच. आमचा मजलाही तसलाच — इथं कुणी उतरत नाही."

त्याने रक्तासाठी बाही वर केली. बघत मात्र माझ्याकडेच होता.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. सख्ख्या भावंडांतही चारांत एखादंच पूर्ण जुळतं. यांचं जुळलं होतं. कागद वाचून त्याने बाहीने डोळे पुसले.

"आता माझं इथं काही काम नाही ना?"

"नाही."

"थेंबभर रक्तसुद्धा नको?"

"नको हो."

"बरं... येतो."

तो ताईकडे खाली गेला. मी डबा उघडला. घरघर जरा जास्तच ऐकू येत होती.

लिफ्टची घंटा वाजली.

"ताई म्हणाली, नुसतं 'येतो' म्हणून आलास, गाढवा?" दारात तो कानापर्यंत लाल झाला होता. "म्हटलं, बंद मजल्याचं बटण... दाबून तर बघू."

मी डबा टेबलाच्या मधोमध सरकवला.

"चालतंय," मी म्हटलं. "बसा."