मागच्या चाकांचं तेल

"लागलं का हो?" खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यानं विचारलं.

"अजून तरी नाही," मी म्हणाले.

माझी छत्री त्याच्या गाडीच्या बंपरला टेकली होती. दुपारची रिमझिम, चिकलठाण्यातल्या आमच्या वर्कशॉपचं निसरडं आवार आणि चहा सांगायला निघालेली मी. छातीत इतकं धडधडत होतं की त्याचा चेहरा मी नीट पाहिलाच नाही. पाहिला असता, तरी धडधडलंच असतं... पण ते मला नंतर कळलं.

मी करुणा. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून इथं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर झाले. आलेली गाडी तपासायची, काय बदलायचं आणि काय नाही ते ठरवायचं, आणि गिऱ्हाइकाला ते पटवायचं, हे माझं काम. लोक गाड्यांचे काय काय हाल करतात ते रोज बघते, त्यामुळे मला सहसा धक्का बसत नाही. त्या दिवशी मात्र मी गाडीत बसले, मीटर पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मीटर बंद पडलंय का?"

"चालू आहे की."

"सात वर्षांची गाडी. ऑल व्हील ड्राइव्ह. चारही चाकांना ताकद देऊन डोंगर चढणारी. आणि चाललीय जेमतेम नऊ हजार?"

"आमच्या करमाडला डोंगर कुठंय?" तो हसला. "जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हा बाबांनी हौसेनं घेतली. चालवतो मी एकटाच. वर्षातून एकदा, दसऱ्याला, आईबाबांना नागपूरला दीक्षाभूमीवर नेतो. एरवी अंगणात उभी असते. बाबा रोज पुसतात."

सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. पुढं काचेजवळ छोटासा पंचशील ध्वज होता. दसऱ्याला आमचं घरही नागपूरला जातं, पण एसटीनं, अर्ध्या वाटेपर्यंत उभ्यानं. मी प्लास्टिकवर हात फिरवला आणि मला त्या न पाहिलेल्या बाबांचं कौतुक वाटलं.

त्याचं नाव अभय. फुलंब्रीच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. आमचे साहेब सोमनाथराव जाता जाता म्हणाले, "सात वर्षं झालीत ना? सगळी तेलं बदलून टाक." पण ठरवायचं मला होतं.

"इंजिन ऑइल बदलू," मी अभयला सांगितलं. "गाडी उभी असली तरी तेलाचं वय वाढतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, तेही बदलू. कूलंटचीही वर्षं संपली. पण गिअरबॉक्सचं तेल आणि मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं तेल, ही दोन्ही किती चालली त्यावर असतात. तुमची चाललीच नाही, मग राहू द्या."

"आणि माणूस असला तर?"

"म्हणजे?"

"तिशीला टेकलेला. कमी चाललेला. त्याचं काय काय बदलावं?"

मी पेन खाली ठेवलं. काउंटरवर असं कुणी बोलेल अशी अपेक्षाच नव्हती.

"समोर न बघता गाडी आत घालायची सवय," मी म्हणाले.

"समोरच बघत होतो," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर ब्रेकला उशीर झाला..."

कानाच्या पाळ्या गरम होतात म्हणजे नेमकं काय होतं, ते मला त्या दुपारी समजलं.

मग तो येतच राहिला. एकदा वायपर किरकिरतो म्हणून, एकदा हॉर्न नरम वाटतो म्हणून, आणि एकदा तर चक्क हवा भरायला.

"हवा कुठल्याही पंपावर मिळते," मी म्हणाले.

"मिळते... पण तिथं विचारपूस करत नाहीत."

वर्कशॉपसमोर जालना रोडवर मक्याच्या कणसांचा गाडा लागायचा. भिजत भिजत तिथं जायचं, त्यानं लिंबू-तिखट चोळून कणीस माझ्या हातात द्यायचं आणि भाजलेलं पान बोटांना चटका देईल म्हणून आधी स्वतःच सोलायचं. बोटं त्याची भाजायची, फुंकर मी घालायची. "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते आठवत नाही. वेणीतून सुटलेली बट मी कानामागं घेतली की तो बोलता बोलता थांबायचा, एवढं मात्र आठवतं.

पाऊस ओसरत आला होता तेव्हा एका सकाळी तो किल्ली पुढं करून म्हणाला, "आज तू चालव."

मी ऐटीत बसले. आवारातच वळवावी म्हणून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि मागून गुरगुर आली. गाडी अडखळली, हिसका बसला, पुन्हा अडखळली. मी इंजिन बंद केलं. नऊ हजार चाललेल्या गाडीतून असा आवाज यायचं काही कारणच नव्हतं.

गाडी लिफ्टवर चढवली. मागच्या डिफरन्शियलचा नट मी स्वतः सोडला. सोनेरी तेल यायला हवं होतं. आलं ते काळंकुट्ट, आणि त्याला जळका वास होता.

सोमनाथरावांनी बोट बुडवून पाहिलं. "हे नऊ हजारांचं तेल नाही. मीटर मागं फिरवलंय. विकायची असेल."

मी "राहू द्या" म्हटलेलं तेच तेल करपलेलं निघालं होतं, ते एक. पण त्याहून मोठं हे होतं की ज्याच्या शब्दावर मी ते म्हटलं, तो खोटं बोलला असेल. मला तो आवडत होता. इतका, की हे खोटं मला सोसणारच नव्हतं.

बाहेर तो दोन कणसं घेऊन उभा होता.

"अभय, खरं सांग. गाडी किती चाललीय?"

"मीटरवर आहे तेवढी."

"मीटर फिरवतात लोक."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला वेळ लागला. जणू त्याला नीट ऐकूच आलं नव्हतं.

"बाबांना गाडी चालवता येत नाही. आईला तर नाहीच. म्हणजे... तू माझ्याबद्दल बोलतेयस."

नाही म्हणायला हवं होतं, पण मी त्याच्या हातातल्या कणसांकडंच बघत राहिले.

"जे काय बदलायचं ते बदला," तो म्हणाला. "आणि गाडी घरी पोचवा. मला न्यायला जमणार नाही."

ते "बदला" आणि ते "पोचवा" मला रात्रभर टोचत राहिलं.

मागचं तेल बदललं, गुरगुर थांबली. गाडी पोचवायला ड्रायव्हर होता, पण मी स्वतः निघाले. गाडी जिथं वर्षभर उभी असते ते अंगण मला बघायचं होतं. अभय त्या वेळी कॉलेजात असणार, तेही माहीत होतं.

करमाडच्या कडेला त्यांचं घर. समोर चांगलं ऐसपैस अंगण, मधोमध कडुलिंबाचं झाड. मी गाडी आत घेतली आणि ब्रेकवरच पाय ठेवून बसले. लिंबाभोवती जमिनीत गोल चाकोरी पडली होती. मळणीला बैल फिरून खळ्यात पडते, तशी खोल.

घरातून एक बाई लगबगीनं आल्या. लुगड्याचा पदर खोचलेला, पायात मुलांचे असतात तसले पांढरे बूट. ही अभयची आई, भामाबाई.

"जय भीम. आली का माझी गाडी?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली आणि सरळ स्टिअरिंगमागं जाऊन बसल्या. मागोमाग मोबाईल सांभाळत त्याचे बाबा, कडुबाकाका, आले आणि शेजारी बसले. मोबाईलवरच्या व्हिडिओतली बाई गाडी चालवायला शिकवत होती. काकांनी एक गोल बटण फिरवलं, भामाबाईंनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि गाडी लिंबाभोवती फिरू लागली. एक फेरी, दुसरी, तिसरी. मी छातीवर हात ठेवून उभी होते. साठीला आलेली बाई, आणि ओठ घट्ट मिटून गाडी फिरवत होती.

"मावशी, थांबा... थांबा जरा."

गाडी माझ्यापासून छत्रीभर अंतरावर थांबली. या घराची ही खोडच असावी.

"रोज चालवता?"

"रोज. अभय कॉलेजला गेला की. गेल्या दिवाळीपासनं."

"आणि काका, ते बटण कशाला फिरवलं?"

"चारी चाकं जुंपायचं हाय ते," कडुबाकाका म्हणाले. "पैसे चारींचे दिल्यात ना, बाई? मग दोघांनीच का राबावं? अभय यायच्या आत जिथल्या तिथं करून ठेवतो मी."

मी ओट्यावर बसलेच. कोरड्या, टणक जमिनीवर चारही चाकं एकत्र जुंपून अशा आवळ वळणात गाडी फिरवली की पुढची आणि मागची चाकं आपसात ओढाताण करतात, आणि ती सगळी मागचं तेल सोसतं. किलोमीटर वाढत नाहीत, तेल मात्र करपतं. अंतर विचारलं की झालं, असं मी धरून चालले होते. गाडी कशी चालते, हे मी विचारलंच नव्हतं. अभय अक्षरन् अक्षर खरं बोलला होता.

"त्याला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

भामाबाईंनी पदरानं स्टिअरिंग पुसलं. "सात वर्षं मागं बसून नागपूरला जाते, पोरी. पोराच्या मानंकडं बघत. यंदा दीक्षाभूमीवर माझ्या हातानं जायचंय. त्याला आधी कळलं तर लई भ्यायचा, किल्लीच लपवंल. दसऱ्यापर्यंत तोंड उघडायचं नाय. शब्द दे."

मी शब्द दिला. मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू करुणा न्हवं? तेल राहू द्या म्हणणारी?"

"तुम्हाला कुणी..."

"कोण सांगंल? जेवताना दुसरं बोलतच नव्हता. आता दोन दिस झाले, गप हाय. भाकरीपण अर्धीच खातो."

घरात माझं नाव निघत होतं. आणि त्याला मी चोर ठरवून आले होते. मला तिथंच रडू आलं, आणि काकांनी घाईघाईनं मोबाईल बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी फुलंब्रीला गेले. कॉलेजच्या व्हरांड्यात तो खडूचे हात झटकत आला आणि मला पाहून थबकला.

"गाडी नऊ हजारच चाललीय," मी म्हणाले. "तू खरं बोललास. चूक माझी झाली."

"कसं कळलं?"

"ते... सांगता येत नाही."

"म्हणजे पुरावा नाही."

"पुरावा आहे. पण मी कुणालातरी शब्द दिलाय."

त्यानं पुन्हा एकदा हात झटकले. "आणि मी तसाच विश्वास ठेवायचा?"

"हो," मी म्हणाले. "मी ठेवायला हवा होता... तसा."

तासाची घंटा झाली. तो वर्गात गेला.

मग काही आठवडे त्याचा फोन नाही की हवा भरायला फेरी नाही. मी मात्र वर्कशॉपच्या दर सुट्टीला करमाडला जायचे. तो कॉलेजात असताना भामाबाईंना अंगणातून रस्त्यावर गाडी चालवायला नेलं, ते बटण जागेवर ठेवायला लावलं. आरटीओच्या परीक्षेत त्या पास झाल्या आणि साहेबाला म्हणाल्या, "पेढे आणते," तेव्हा अख्खी रांग हसली. मीही हसले, पण अभय शेजारी नाही म्हणून ते हसू पुरतं टिकलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचा मेसेज आला. "उद्या आमच्याबरोबर नागपूरला ये, असं आई म्हणतेय." मी उत्तर लिहीपर्यंत दुसरा आला. "फक्त आईच म्हणतेय असं नाही."

सकाळी करमाडच्या अंगणात मी पोचले तेव्हा पांढऱ्याशुभ्र लुगड्यातल्या भामाबाई गाडीत बसल्याही होत्या. अभयनं ड्रायव्हरचं दार उघडलं.

"आई, सरक तिकडं."

"मागं बस," भामाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून लायसन काढून त्याच्या हातात दिलं. "जालन्यापर्यंत मी. म्होरं तू. दीक्षाभूमीजवळ आलो की पुन्हा मी."

तो ते लायसन उलटसुलट करून पाहत राहिला. मग त्याची नजर लिंबाकडं गेली, चाकोरीवर फिरून माझ्यावर आली.

"काळं तेल," तो पुटपुटला. "बाबा म्हणाले होते, इथं ट्रॅक्टर वळतो म्हणून ही चाकोरी..."

"भूगोलाचा मास्तर," कडुबाकाका पुढं बसत म्हणाले, "आणि सोताचं अंगण वाचता आलं नाय."

आम्ही दोघं मागं बसलो. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या सीटवर बसत असावा. गाडी अलगद वळली, गुरगुर नाही की हिसका नाही, आणि जालना रोडला लागली. तो पुढं स्टिअरिंगवरच्या आईच्या हातांकडं बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"मी तेव्हाच विश्वास ठेवला होता," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "व्हरांड्यातच. पण बोलायला... धीर झाला नाही. मला तू आवडतेस, करुणा. पहिल्या दिवसापासून."

"मलाही," मी म्हणाले. "छत्रीपासून."

तो माझ्याकडं थोडासा सरकला. सीटवरचं प्लास्टिक जोरात कुरकुरलं. आम्ही दोघंही दचकलो.

"हे प्लास्टिक काढायला हवं आता," तो कुजबुजला. "हललं की आईला कळतं."

"न हलता बी कळतं," समोरून नजर न काढता भामाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गिअर बदलला.