शिवनाथचा चार्ज

विरजण संपलं होतं, म्हणून मी जयाकडे गेले. निदान आमच्या ह्यांना तसं सांगून निघाले, आणि वाटीही हातात होती. खरं सांगायचं तर फ्रीजमध्ये विरजणापुरतं दही होतं. पण समोरच्या क्वार्टरमधला माणूस नऊ दिवस ड्यूटीवर जात नाही, त्याची बायको कपडे वाळत घालताना आपल्याकडे मान वर करून बघत नाही, तर शेजारणीने काय करावं? मी आठवी शिकलेली बाई. पेपरपेक्षा मला शेजाऱ्याचं दार लवकर वाचता येतं.

दुपारचा दीड वाजला असेल. एप्रिलचं ऊन, पोलाद कारखान्याच्या वसाहतीतला सेक्टर दहाचा रस्ता अगदी ओस. जयाचा नवरा उमाकांत, त्याच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. आमच्याकडे त्यात नवल काही नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, त्याला अंधार लागतो. पण उमाकांत झोपत नव्हता. भर दुपारी त्या घरातून त्याचा बोलण्याचा आवाज यायचा. बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा. जया कधी मधे बोललेली ऐकू आली नाही.

दार जयानेच उघडलं. डोळे सुजलेले. आत पाऊल टाकलं तर बाहेरच्या उन्हातून मला काही दिसेचना. बंद खोलीचा, तापलेल्या यंत्राचा वास. आणि त्यात एक ओळखीचा, गोडसर, तिखट वास, दातांना लावायच्या गुळातल्या तंबाखूचा.

"गुडाखू कोण लावते वं तुमच्याकडे?" मी विचारलं.

"कोणीच नाही, काकू," ती म्हणाली, आणि तिने मागे वळून पाहिलं.

मग माझा हात धरून हळूच बोलली, "तुम्हीच सांगून पाहा यायले. प्लांटात लोखंड, घरी आले तं त्या डब्ब्यातही लोखंडच. त्यातून बायकोच्या हातात एक बांगडी नाही आली." ही तिची जुनी थट्टा. एरवी सांगताना ती स्वतःच आधी हसायची.

डब्बा म्हणजे कंप्यूटर. उमाकांत आणि त्याचा दोस्त सुखराम त्यावर एक खेळ खेळायचे. दिवाळीत मी पाहिला होता. काळंभोर आकाश, तारे, आणि त्यात आपलं जहाज. एका ग्रहावर लोखंडाचा दगड भरायचा, दुसऱ्यावर नेऊन विकायचा. वाटेत लुटारू येतात, त्यांच्यावर तोफा झाडायच्या. दोघांचं जहाज एकच होतं, मालगाडीएवढं. दुर्गच्या नदीवरून सुखरामने त्याचं नाव 'शिवनाथ' ठेवलं होतं. एवढं जहाज एकटं सोडता येत नाही, म्हणून पाळ्या लावल्या होत्या. सुखराम कॅंप-१ वस्तीतल्या त्याच्या खोलीतून चालवायचा, उमाकांत इथून. प्लांटातही ते एकमेकांचे रिलीव्हरच होते.

रिलीव्हर म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं. भट्टी थांबत नाही, म्हणून माणसानेही जागा सोडायची नसते. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहील, 'चार्ज घेतला' म्हणेल, तेव्हाच आपली सुट्टी. आमचे मारोतराव एकदा सोळा तास उभे राहिले होते, रिलीव्हरची बायको बाळंत होत होती म्हणून. रिटायर होईपर्यंत चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही जागा रिकामी सोडली नाही.

आणि सुखराम? मार्चच्या पहिल्या रविवारी तो गेला. एकटाच राहायचा, दातांना सतत गुडाखू. खुर्चीत बसल्या बसल्या, कानाला हेडफोन. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्या दिवशी दोन वाजता उमाकांतने त्याच्याकडून शिवनाथचा चार्ज घ्यायचा होता. हा मटण खाऊन झोपला तो सहाला उठला. सुखराम दोननंतर कधीतरी गेला होता.

मी आतल्या खोलीत गेले. उमाकांत पडद्यासमोर बसला होता. पस्तिशीचा माणूस, पण त्या निळ्या उजेडात साठीचा वाटत होता. दाढी वाढलेली, ओठ फाटलेले.

"काकू, बसा. आवाज नोका करू."

"कावून? इथं कोण झोपून राहिलं?"

त्याने बोटाने पडदा दाखवला. काळोखात दूर त्यांचं लांबलचक 'शिवनाथ' चाललं होतं. त्याच्या खाली सुखरामचं नाव, आणि नावाला लागून हिरवा ठिपका.

"हिरवा म्हंजे तो ड्यूटीवर आहे," उमाकांत म्हणाला. "नऊ दिवस झाले, विझला नाही."

"अरे बाबा, त्याच्या कंप्यूटरवर कोणी दुसरा बसला असन."

"त्याच्या भावानं तो कबाड्याले विकला. मी सोता जाऊन पाहिला काकू. फोडला होता. नुसता पत्रा राहिला."

"मंग हे जहाज कोण चालवते?"

जया दारातच उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

"मले चार्ज घे म्हणते तो," उमाकांत म्हणाला. "रोज दोन वाजता विचारते. मी हो म्हणत नाही... आणि त्याले सोडूनही जाववत नाही. त्या दिवशी मी गेलो असतो टायमावर..."

"काय झालं असतं? त्याचं हृदय तू चालवत होता काय?"

"एकटा तं नसता ना, काकू."

मला गलबलून आलं. आणि रागही आला. असाच बसून राहिला तर हा पोरगा आठवड्याभरात त्या खुर्चीतच जाणार, हे दिसतच होतं. जयाला तिसरा महिना, हे अख्ख्या गल्लीत तिने मला एकटीलाच सांगितलं होतं.

"ऊठ," मी म्हटलं. "आंघोळ कर, दोन घास खा, घटकाभर पड. मी बसते इथं. काही झालं तं हाक मारते."

"तुम्हाले काय समजते यातलं?"

"काही नाही समजत. म्हणून तं बसते. ऊठ म्हणलं ना!"

जयाने त्याला दंडाला धरून उठवलं. खाटेवर नेऊन टेकवलं, तर आंघोळ राहिली बाजूला, तो तिथेच झोपला. जया त्याच्या उशाशी बसली. मी खुर्चीत बसले. खुर्ची गरम होती.

आता तुम्ही म्हणाल, सिंधुताई, गप बसायचं होतं. पण हेडफोन समोर पडलेला. त्यातून बारीक काहीतरी ऐकू येत होतं. मी तो उचलून कानाला लावला.

आधी एका पंख्याची कुरकुर. इथल्या नव्हे, इथला पंखा बंद होता. मग कुठल्याशा शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, गल्लीत सायकलची घंटी. कॅंप-१ च्या दुपारचे आवाज. आणि अगदी जवळ, कानापाशी, कोणाचा तरी श्वास. गुडाखूचा वास इतका आला की मी नाक धरलं.

"कोण?"

दारावर कोणी विचारावं तसं विचारलं, आणि दारावर सांगावं तसं मी सांगून गेले, "मी सिंधुताई. उमाकांतच्या समोरची."

"काकू... जेवली काय?"

सुखराम भेटला की पहिला प्रश्न हाच विचारायचा.

"जेवली रे," मी म्हटलं.

"उमाभाऊ?"

"झोपला. त्याले झोपू दे बाबा. त्याच्या घरी लेकरू येऊन राहिलं."



"मले लय वेळ झाला, काकू," तो म्हणाला. तक्रार नव्हती, थकलेला माणूस बोलतो तसं. "दोन वाजले. मंग चार्ज कोण घेते?"

भिंतीवरच्या घड्याळात दोनच वाजले होते. मी जयाकडे पाहिलं. तिला काही ऐकू येत नव्हतं, ती नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. चौतीस वर्षं मी थकून आलेल्या माणसाचा डबा हातातून घेतला आहे. तेच माझ्या तोंडून निघालं.

"मी घेते. तू जा घरी."

त्याने सोडलेला श्वास माझ्या कानाला गार लागला.

"मागं तीन लाल दिवे आहेत," तो घाईघाईने सांगू लागला, पाळी बदलताना सांगतात तसं. "लुटारू आहेत. बोलतील, जवाब नोका देऊ. माल पोहोचल्याशिवाय उठू नोका."

"किती दूर आहे रे?"

पडद्यावरचा हिरवा ठिपका विझला. वासही गेला. खोलीला फक्त तापलेल्या यंत्राचा वास उरला. मी हेडफोन ठेवून उठले आणि वाटी तिथेच विसरून घरी आले.

उमाकांत सोळा तास झोपला. उठला तो भूक भूक करत उठला. दुसऱ्या दिवशी जया दह्याची वाटी भरून घेऊन आली आणि माझ्या पायाच पडली. मागून उमाकांत, दाढी केलेला, हसतमुख.

"काय जादू केली काकू? सुखरामचं नाव गेलं."

"काही नाही रे. घरी जा म्हणलं त्याले."

"आणि तो गेला? चार्ज दिल्याबिगर?"

"मी घेते म्हणलं ना."

त्याच्या तोंडावरचं हसू तिथंच थिजलं. तो तसाच घरी गेला आणि कंप्यूटरच्या सगळ्या तारा त्याने उपटल्या. संध्याकाळी त्याने तो गावाबाहेर हथखोजच्या रस्त्याला नेऊन फोडला. परत आला तेव्हा माझ्याकडे पाहू शकला नाही.

मला वाटलं, संपलं. पण रोज दोन वाजले की मी जिथे असेन तिथे डोळ्यांसमोर काळोख येतो. भाजी घेत असेन, देवळात बसले असेन. काळोखात मागे तीन लाल दिवे. ते बोलतात. कधी माझ्या आईच्या आवाजात बोलतात. मी जवाब देत नाही.

आमच्या ह्यांना मी हे सांगितलं नाही. मागच्या वर्षीच त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला आहे. पण कारण ते नाही. कारण हे, की कळलं तर ते माझा चार्ज घ्यायला येतील. मला एकटीला उभी ठेवणारा हा माणूस नाही. म्हणून मी हसते, बोलते, दोनच्या आधी काहीतरी कारण काढून घराबाहेर पडते.

काल कॅंप-१ च्या बाजारात गेले. चेच भाजी घेतली, मुद्दाम उशीर केला. दोन वाजले, अंधार आला, मी एका दुकानाच्या खांबाला धरून उभी राहिले. तो ओसरल्यावर घरी आले. पिशवी हातातच होती. मारोतराव पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून प्लांटाचे जुने बूट बांधत होते.

"अवो, कुठी चालले?"

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग आतल्या दाराकडे, पुन्हा माझ्याकडे. बुटाची नाडी त्यांच्या हातातून सुटली.

"तूच तं आत्ता हाक मारली," ते म्हणाले. "आतून. म्हणली, लय वेळ झाला, रिलीव्हर पाठवा..."

मी पिशवी टाकली आणि त्यांचा हात घट्ट धरला. आमचा पलंग आतल्या खोलीत आहे. घरात आम्ही दोघंच. लाल दिव्यांनी आता माझा आवाज घेतला होता.

आत पलंग करकरला, कोणी कूस बदलावी तसा.