शेवटच्या पानाचं टोक

उत्तनला बोंबील सुकवायच्या बांबूंवर पुस्तकं टांगलेली पाहिलीत कधी? मॅन्युएल टांगायचा. पाऊस सरून कडक ऊन पडलं की कपाटं रिकामी करायची, एकेक पुस्तक मधोमध उघडायचं आणि बांबूवर घालायचं. जन्मभर जमवलेली पुस्तकं, दमट हवेनं खराब झाली तर त्याचा जीव जायचा. गाव हसायचं. बायको कॉनी कपाळावर हात मारायची, "माज्या म्हावऱ्याला जागा न्हाय, नि याची पुस्तकं ऊन खात बसलीत!" पण संध्याकाळी ती मासळी साफ करायला बसली की मॅन्युएल तपकिरीचं बोट जिभेला लावून पान उलटायचा, मोठ्यानं वाचायचा. कॉनी कान देऊन ऐकायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं.

यंदा भर पावसात मॅन्युएल गेला आणि गोष्ट अर्धीच राहिली. गोष्टीतल्या नाववालीची हरवलेली मुलगी दारात येऊन उभी होती. आईनं तिला ओळखलं की नाही, देव जाणे.

पुढं कपाटाला वाळवी लागली. भाईंदर पश्चिमेला राहणारा मुलगा लॉयड म्हणाला, "आये, उद्या टेम्पो आणतोय. सगळी लायब्ररीला देऊन टाकू." कॉनी हो म्हणाली. पण बाकी सगळी जाऊ देत, ते अर्धं राहिलेलं एक पुस्तक तिला हवं होतं. आणि ओळखायचं कसं? मॅन्युएलनं सगळ्यांना एकसारखी खाकी कव्हरं घातलेली. लॉयडला विचारून उपयोग नव्हता, बापाचं वाचन ऐकायला तो कधी बसलाच नव्हता.

दुपारी तिनं सगळी बाहेर काढून टांगली. दमट पुस्तकं पाठवलेली मॅन्युएलला खपली नसती. दिवस कलला तशी ती गोळा करू लागली. वारा पार थांबला होता. ओहोटीनं समुद्रही लांब गेला होता.

मागून आवाज आला. सर्र...

बऱ्याच वेळानं पुन्हा. सर्र...

तिनं वळून पाहिलं. बांबूवरून घसरलेलं एक पुस्तक चटईवर उताणं पडलं होतं. त्याचं एकेक पान उलटत होतं, वाचून होईल इतका वेळ मध्ये सोडून. तपकिरीचा वास आला.

"मॅन्युएल...?"

उलटणारं पान मध्येच थांबलं. उभंच राहिलं.

"मना घाबरवू नको रं..."

तिनं पुस्तक उचललं. त्या पानाचं टोक ओलं होतं. पुस्तक उराशी धरून कॉनी तिथंच बसली आणि हमसून हमसून रडली.

सकाळी लॉयड टेम्पो घेऊन आला तेव्हा तिनं ओल्या टोकाचं पान उघडून पुस्तक त्याच्या हातात दिलं. "हितनं वाच."

लॉयड वाचू लागला. नाववालीनं दार उघडलं होतं, दिवा वर धरला होता... गोष्ट तीच होती. कॉनी डोळे मिटून ऐकत राहिली. शेवटचं पान आलं तसा तिनं त्यावर हात ठेवला.

"पुरे."

"अगं आये, एकच पान उरलंय!"

"म्हनून तर. संपलं की तो कशाला येल?"

लॉयडनं पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. बाकीची पुस्तकं घेऊन टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी कॉनीला जाग आली तेव्हा उशाशी ठेवलेलं पुस्तक शेवटच्या पानावर उघडं होतं. टोक ओलं होतं.

"माज्याबिगर वाचलंस रं?" एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून ती ते पुस्तक रोज उन्हात ठेवते. शेजारचे बोंबील खडखडीत सुकतात. पानाचं ते टोक काही सुकत नाही.