कापलेले श्वास

आमच्या गोष्टी मी लिहिते आणि मैना वाचते. ही वाटणी मीच केली, कारण माझा आवाज म्हणजे फरशीवर सरकवलेली खुर्ची. मैना हे नाव तिला वर्गाने दिलंय आणि ते तिला शोभतं, हे लिहायलाही माझ्या जिवावर येतंय.

दर आठवड्याला ती कपड्यांच्या कपाटात डोकं घालून प्रेमकथेचा एक भाग मोबाइलवर रेकॉर्ड करते. तिथे आवाज घुमत नाही. मग मी घरी त्याची साफसफाई करून तो वर्गाच्या ग्रुपवर टाकते. अडखळणं काढायचं, गिळणं काढायचं, दोन वाक्यांमधले मोठे श्वास कापायचे. यात माझा हात कुणी धरणार नाही.

आणि मग चष्मिस बोलला. हा माझ्या पुढच्या बाकावरचा. माझ्या सगळ्या नायकांना चष्मा का असतो, हे त्याला अजून कळलेलं नाही.

"रोज तुमची गोष्ट ऐकत झोपतो मी. काय बोलते यार मैना."

"आणि लिहितं कोण?"

"हो, तेही चांगलं असतं."

तेही.

त्या संध्याकाळी मी नव्या भागातून मैनाचे श्वास कापले, पुसून टाकले आणि त्या जागी माझे चिकटवले. झोपताना त्याच्या कानात माझं काहीतरी असावं, एवढंच.

"या वेळी ती अगदी शेजारी बसल्यासारखी वाटली," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला.

ती.

मराठीच्या तासाला बाईंनी मैनाला वाचायला उभं केलं. मला उचकी लागली होती, म्हणून मी श्वास रोखला. मैना वाक्यात मध्येच थांबली. मी सोडला, ती पुढे वाचू लागली. पुन्हा रोखला. तिचे ओठ उघडे, छाती स्थिर.

"काय गं, झोप झाली नाही का?" बाई म्हणाल्या.

चष्मिसने तिच्यापुढे स्वतःची पाण्याची बाटली धरली. मग मी जरा जास्तच वेळ रोखला.

सुट्टीत मैना म्हणाली, "अगं, कुणीतरी नाक दाबल्यासारखं झालं. तुला होतं का असं कधी?"

"मला कशाला होईल?"

शनिवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. श्वास घ्यायला गेले, तो आला नाही. नाक मोकळं, तोंड उघडं, हवा मात्र आत यायला तयार नाही. टॉवेल हातातून सुटला. मग एकदम आला. त्याला क्लोरीनचा वास होता.

थोड्या वेळाने मैनाचा मेसेज. 'चष्मिस पोहायला शिकवतोय मला. आज डोकं पाण्याखाली घातलं. म्हणाला, दम भारी आहे तुझा.'

मी तो भाग उघडला आणि माझे श्वास काढले. त्या जागी ठेवायला तिचे उरलेच नव्हते. स्क्रीनवर आवाजाची नुसती सपाट रेघ.

आज पुन्हा शनिवार. आत्ताच तिचा मेसेज आला. 'फोन त्याच्या बॅगेत ठेवतेय. आज तळाला हात लावून यायचंय.'

'थांब,' मी लिहिलं.

मेसेज पोहोचला. वाचला नाही कुणी.

आतून आई हाक मारतेय. ओ द्यायला मी तोंड उघडलंय.