खिशातलं बटण

आधी ते मोबाईल पालथे घाला. हां. आणि मधेच 'खरंच का हो काका?' असं विचारायचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो माणूस गेली तीस वर्षं माझ्या शेजारी बसून चहा पितोय, आणि खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. गाड्यांचं वायरिंग करतो. हात कायम काळे, म्हणून आम्ही त्याला कार्बन म्हणतो.

मागच्या मार्चमधला शेवटचा शनिवार, रात्रीचे साडेअकरा. कार्बनचा भाचा शहरातल्या हॉस्पिटलातून घरी आला होता. कशाला, तर बायकोची उशी आणि चहाचा थर्मास न्यायला. पहिलं बाळंतपण, बायकोजवळ त्याची आई होती. डॉक्टर म्हणाले होते, सकाळपर्यंत काही होत नाही, निवांत जाऊन या. पठ्ठ्याने उशी घेतली, थर्मास भरला, गाडीत बसून किल्ली फिरवली. गाडी चालू होईना.

तेवढ्यात आईचा फोन आला. 'बाळाचे ठोके कमी झालेत रे. आत्ताच ऑपरेशन करताहेत. तू ये, लगेच ये.'

मामाचं घर मागच्याच गल्लीत. कार्बन शर्टाची बटणं लावत लावतच आला.

'मामा, बॅटरी उतरली वाटतं.'

'उगाच बॅटरीच्या नावाने खडे फोडू नकोस. दिवे बघ कसे लख्ख आहेत. स्टार्टरही जोरात फिरतोय. आता किल्ली अर्धी फिरव आणि गप्प बस.'

कार्बनने मागच्या सीटला कान लावला. तिथे पेट्रोलचा पंप असतो, किल्ली फिरवली की क्षणभर गुणगुणतो. आवाज नाही. फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. मग त्याने डॅशबोर्डच्या खाली डावीकडे हात घातला. काही गाड्यांमध्ये तिथे एक छोटा स्विच असतो. गाडी कुठे धडकली की त्याचं बटण टक्कन वर येतं आणि पेट्रोल बंद होतं, म्हणजे आग लागायला नको. ते बटण वर आलेलं होतं.

'कुठे ठोकलीस रे?'

'आईशप्पथ नाही, मामा. हॉस्पिटलातून आलो तेव्हा नीट लावली होती.'

गाडी महिन्यापूर्वीच जुन्या बाजारातून घेतलेली. बॉनेटचा रंग बाकी गाडीपेक्षा जरा ताजा होता, पण स्वस्तात मिळाली म्हणून हा नाचत होता. असो. कार्बनने बटण दाबलं आणि गाडी चालू झाली. भाच्याने हुश्श केलं.

टक्.

गाडी बंद. बटण वर.

कार्बनने पुन्हा दाबलं. पुन्हा चालू. पुन्हा टक्. उभी गाडी, हो! कुणी हात लावला नाही, कुणी दार आपटलं नाही. तिसऱ्या वेळी त्याने बटणावर अंगठा ठेवला. मला म्हणाला, 'गाडी जागची हलली नाही रे. थर्मास पडला नाही. पण माझ्या अंगठ्याला आतून धक्का बसला. असा... कुणीतरी जीव खाऊन आदळल्यासारखा.'

'मामा, काहीही कर, पण चालू कर. तिला काही झालं तर मी काय करू?' भाचा रडकुंडीला आला होता.

आता मला सांगा, बहिणीच्या लेकराला नाही कसं म्हणायचं? हे करायचं नसतं, हे कार्बनला चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने स्विच उपटला, दोन्ही वायरी जोडून टेप गुंडाळली. गाडी सुरू झाली, बंद पडली नाही. भाचा सुसाट गेला.

कार्बनने सवयीने स्विचचं बटण दाबून खाली बसवलं, खिशात टाकलं आणि अंगणातल्या नळाखाली हात धुवायला लागला.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

टक्.

खिशात.

त्याने स्विच बाहेर काढला. ना वायर, ना गाडी... आणि बटण वर.

हाताचा साबणही त्याने धुतला नाही. फोन लावला. वाजला... वाजला... कट झाला. पुन्हा लावला.

'मामा, आत्ता नको, मी...'

'गाडी थांबव.'

'अरे मामा, तिकडे...'

'तुझ्या आईची शपथ आहे! थांबव!'

ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला. मग... काहीच नाही.

'बोल रे... बोल काहीतरी...'

नुसता श्वास ऐकू येत होता.

मग भाचा हळूच म्हणाला, 'मामा... समोर ट्रॉली आहे.'

वळणाच्या पलीकडे ट्रॅक्टरची ट्रॉली सोडून दिलेली, चाक बसलं म्हणून. दिवा नाही, दगड नाही, काही नाही. वर लोखंडी सळया, मागे वावभर बाहेर आलेल्या. गाडीची काच त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. कार्बन स्कूटरवरून पोचला तेव्हा भाचा स्टिअरिंग धरून बसलेला. बोटं सोडवावी लागली.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पोरीने रडून सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. आजी हसत होती, रडत होती, आणि भाचा भिंतीला टेकून छाती चोळत होता. श्वास घेताना दुखतंय म्हणाला. तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी त्याला खाली बसवून शर्ट काढायला लावला.

उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत काळानिळा वळ. चार बोटं रुंद. सरळ.

'सीटबेल्टचा आहे,' बाई म्हणाल्या. 'जोरात धडकलात की. पट्टा होता म्हणून वाचलात.'

मामा-भाचे दोघं खाली पार्किंगमध्ये गेले. टॉर्च लावून सगळी गाडी पाहिली. कुठे साधा ओरखडा नाही. मग कार्बनने पुढचं दार उघडलं.

पट्टा सीटच्या पाठीमागून अडकवलेला होता. पीं पीं वाजू नये म्हणून भाच्याने, गाडी घेतली त्याच दिवशी, तो तसा अडकवून टाकला होता. एकदाही अंगावर घेतला नव्हता.